कपाटाच्या कडीला गवताची गाठ

रीता पचारे बाईंचा कोणावर विश्वास नव्हता. धानोऱ्याच्या पुढे, जिथं डांबरी रस्ता संपून मुरमाचा सुरू होतो, तिथल्या शाळेत ही गोष्ट पहिलीच्या पोट्ट्यालाही ठाऊक होती. बाई खडूच्या खोक्यावर आतून पेनाची बारीक रेघ मारून ठेवायच्या. डबा ठेवला तर झाकणावरचं फूल खिडकीकडे आहे की दाराकडे, हे लक्षात ठेवायच्या. कोणी गोड बोललं, की आधी त्याच्या हाताकडे बघायच्या. हसू नका. तुमच्यावर तशी वेळ आली असती तर तुम्हीही हेच केलं असतं.

बाईंना चोविसाव्या वर्षी कोरपन्याकडच्या एका घरात दिलं होतं. नवरा सिमेंटच्या कारखान्यात परमनंट आहे, असं सांगितलेलं. हा बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघायचा नि संध्याकाळी धूळ झटकत परत यायचा. सात महिन्यांनी कळलं की नोकरी लग्नाआधीच गेली होती. दिवसभर तो एका चिंचेखाली बसून डबा खायचा नि वेळ झाली की घरी यायचा. सात महिने बाईंनी त्या चिंचेसाठी पोळ्या लाटल्या! त्या दिवशी त्यांनी बॅग भरली ती थेट बल्लारपूरला, आईकडे. आई गोकुळा बाजारात मासोळ्या विकायची. तिनं काही विचारलं नाही, फक्त ताट वाढलं. पुढे बाईंनी डी.एड. केलं, बी.ए. केलं, नि मराठीच्या शिक्षिका म्हणून या जंगलात आल्या. त्याला एकोणीस वर्षं झाली.

या एकोणीस वर्षांत बाईंनी जिवापाड जपलेली गोष्ट एकच, लायब्ररीच्या खोलीतलं लोखंडी कपाट. त्यात शाळेची हस्तलिखितं होती. दरवर्षी पोरांनी आपल्या हातानं लिहिलेले निबंध, कविता, आठवणी जाड कागदावर घ्यायच्या, दोऱ्यानं शिवायच्या, नि सव्वीस जानेवारीला पाहुण्याच्या हातून प्रकाशन करायचं. छापणं-बिपणं काही नाही, एकच प्रत. दरसालचं एक, अशी अठरा झाली होती, एकोणिसावं चालू होतं.

त्यातल्या सहाव्या हस्तलिखितात एक पान होतं रीनाचं. सातवीतली पोरगी. ते पान लिहिलं नि पुढच्याच पावसाळ्यात तापानं गेली. तिचा ना फोटो, ना काही. जगात तिचं म्हणून उरलेलं तेवढंच एक पान. तिची आई सुकरी दर सव्वीस जानेवारीला सात किलोमीटर चालत यायची. झेंडावंदन झालं की लायब्ररीत येऊन खाली फरशीवर बसायची. बाई पान काढून तिच्या मांडीवर ठेवायच्या नि वाचून दाखवायच्या. सुकरीला वाचता येत नव्हतं. रीना पेन्सिल दाबून लिहायची, त्यामुळे पानाच्या मागच्या बाजूला अक्षरं उमटली होती. सुकरी त्यावरून बोटं फिरवायची, कोपरा अंगठ्यानं धरून बसायची, नि मग उठून जायची. रडायची नाही. बाई मात्र दरसाल रडायच्या, ती गेल्यावर, दार लावून.

अशा या शाळेत तीन वर्षांपूर्वी चित्रकलेचे शिक्षक आले. लालसू उसेंडी सर. पंचेचाळिशीचे, विधुर, इथल्याच जंगलातल्या गावचे. बोलणं कमी. शर्टाच्या खिशाला कायम रंग लागलेला. आले त्याच आठवड्यात भांडण सुरू झालं.

भांडण फळ्याचं. शाळेच्या फाटकाशी मोठा काळा फळा होता, त्यावर रोज सकाळी बाई सुविचार लिहायच्या. हेडमास्तर म्हणाले, अर्धा फळा सरांना द्या, रंगीत खडूचं चित्र काढतील, साहेब लोक आले तर बरं दिसते. झालं! बाईंनी मधोमध पांढरी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी सरांच्या मोराचा पिसारा रेघ ओलांडून बाईंच्या हद्दीत आला. बाईंनी डस्टर घेतलं नि पिसारा पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी सरांनी भुंडा मोर काढला, मान वळवून सुविचाराकडे रागानं बघणारा. पोट्टे हसून हसून लोळले. बाई तिकडून आल्या, बघितलं, नि दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत.

"सर, चित्र मुकं असते," त्या मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या. "शब्दाशिवाय त्याले अर्थ नाई."

"पोट्टे घरी गोंडी बोलतात बाई," सर खडू खरवडत म्हणाले. "तुमचा मराठी शब्द त्यांच्यापाशी पायी पायी येते. माहं चित्र सायकलनं जाते."

"सायकल पंक्चर होते. पायी चालणारा पोचते."

सर हसले. बाईंनी तेही मनात टिपून ठेवलं. हा हसला काऊन?

मग बाईंची नजर त्या माणसावर बसली ती बसलीच. एकदा सव्वीस जानेवारीला सुकरी पान मांडीवर घेऊन बसली होती, बाई वाचत होत्या, तर हे लायब्ररीच्या दाराशी उभे. किती वेळचे उभे होते कोण जाणे. बाईंनी बघताच निघून गेले. पुढच्याच आठवड्यात तर कहरच. बाई तासावरून आल्या तर कपाट उघडं, नि हे महाशय रीनाचं पान समोर धरून बसलेले. नाक कागदाला टेकेल इतके जवळ.

"हे का चाललं सर?"

"अक्षर पाहून राह्यलो."

"वाचून राह्यले म्हना ना."

"वाचत नाई, पाहून राह्यलो. चित्रच आहे ना हे. ह्या पोरीचा 'आ' पाहा, घरासारखा टेकू लावून उभा केला तिनं."

बाईंनी पान काढून घेतलं, कपाटाला कुलूप घातलं, नि त्या दिवसापासून किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. त्यांनी मनाशी हिशेब मांडला: ह्या माणसाला माझं कपाट पाहिजे. रंगाचे डबे ठेवायला नसेल, तर मला इथून उठवायला.

आणि बघा, संशयाला खतपाणी मिळायला वेळ लागत नाही. यंदा डिसेंबरात हेडमास्तरांनी जाहीर केलं की लायब्ररीच्या खोलीत मोठा टीव्ही लागणार, डिजिटल वर्ग होणार. जुनं लाकूड-लोखंड, जुने कागद, सगळं काढायचं.

"माह्या कपाटाले हात लावाचा नाई," बाई ताडकन उठल्या.

"कागद टिकत नाई बाई, वाळवी लागते. फोटो काढून मोबाईलमंधी ठेवू ना," हेडमास्तर म्हणाले. फोटो काढणार कोण नि कधी, ते काही ते बोलले नाहीत.

लालसू सर कोपऱ्यात बसून नखं बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. बाईंनी ओळखलं. हेडमास्तरांच्या कानाशी हेच लागले असणार. नाहीतर गप्प काऊन?

त्यानंतर चौथ्या दिवशी कपाटाच्या कडीला ती दिसली. गवताची गाठ. हापशीजवळचं ओलं गवत पिळून, दोन वेळा गुंतवून, दोन्ही टोकं खाली सोडून बांधलेली. बाई दोन पावलं मागं सरल्या. सांगायला लाज वाटते, कारण अंधश्रद्धेवर दरसाल निबंध लिहून घेणारी ही बाई. पण लहानपणी बल्लारपूरच्या गल्लीत दारात काही बांधलेलं सापडलं की आईनं कसं आरडून घर डोक्यावर घेतलं होतं, ते आठवलं. त्यांनी रुमालानं गाठ ओढून काढली, शाळेमागं नेऊन जाळली, नि हात तीनदा धुतले.

तीन दिवसांनी दुसरी गाठ. ती जाळली. मग तिसरी.

"माय वं!" फोनवर गोकुळा ओरडली. "कोनी तरी तुह्यावर करून राह्यलं पोरी. बदली घे. नाई तर लिंबू तरी बांध."

"आई, मी शिक्षिका आहे."

"मंग का झालं? शिक्षिकेले काई होत नाई का?"

बाईंनी लिंबू बांधलं नाही. त्यांनी पाळत ठेवली. गुरुवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी सगळे मैदानात गेले, त्या मात्र खिडकीच्या पडद्यामागं उभ्या राहिल्या. राष्ट्रगीत संपतं न संपतं तोच दार हळूच उघडलं. लालसू सर आत आले. खिशातून ओलं गवत काढलं, इकडंतिकडं पाहिलं, नि सराईत बोटांनी कडीला गाठ मारली.

"सापडले!" बाई पडद्यामागून बाहेर आल्या तशा सर दचकून मागं सरले. "मले वाटलंच होतं! या, सगळे या इकडे, पाहा!"

हेडमास्तर धावत आले, मागून शिपाई सुकलू, नि खिडकीला पोरांची डोकी चिकटली. बाईंचा आवाज चिरकला होता. "तीनदा जाळलं मी. हे चौथं. हा मानूस करनी करून राह्यला माह्यावर!"

सुकलूच्या हातातला झाडू तसाच राहिला. सरांचा चेहरा पांढरा पडला.

"बाई," ते हळू म्हणाले, "हा शब्द नका वापरू. आमच्याकडे ह्या शब्दापाई मानसं मेली आहेत."

"मंग का आहे हे? सांगा ना सगळ्यांसमोर! काऊन बांधलं?"

सरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. मग बाईंकडे. काहीतरी ओठापर्यंत आलं नि गिळलं. बाईंनी तेही पाहिलं, नि आपला संशय पक्का धरला.

"तुमाले जे समजाचं ते समजून राह्यले तुमी," सर शेवटी म्हणाले. "मोडा. तुमच्याच हातानं मोडा."

आणि बाईंनी मोडली. कडीवरून खसकन ओढली, दोन तुकडे केले नि सर्वांदेखत कचऱ्याच्या टोपलीत टाकली. पोरांच्या डोक्यांमधून एक बारीक सुस्कारा आला. सुकलूनं मान खाली घातली. बाईंना वाटलं, आपण जिंकलो.

शुक्रवार-शनिवार बाईंचं गडचिरोलीला प्रशिक्षण होतं. सरांना हेडमास्तरांनी पोरांच्या खेळांसाठी बाहेर पाठवलं, त्या तमाशाचा राग म्हणून असेल. सोमवारी बाई शाळेत आल्या, लायब्ररीचं दार ढकललं, नि दारातच उभ्या राहिल्या. कपाटाचं कुलूप तोडलेलं, दोन्ही दारं उघडी, आत काही नाही. एक दोऱ्याचा तुकडा तेवढा पडला होता.

"सुकलू!" त्या ओरडल्या. "माहे हस्तलिखितं कुठी आहेत?"

सुकलू दाराशी आला, हात जोडून. "कबाडी आला होता बाई शनिवारी. हेडमास्तर बोलले का दे. मी दिलं."

"दिलं? तुले लाज नाई वाटली? रीनाचं पान होतं त्याच्यात! तुह्या गावची पोरगी होती ती!"

"वाटली ना बाई. तीनदा आला थो कबाडी, महिनाभरात. तीनदा मी परत धाडला. सांगितलं, गाठ आहे, हात नाई लावता येत." सुकलूनं जोडलेले हात खाली घेतले. "पर मंग तुमीच मोडली. सबनच्या समोर. तुमचा माल, तुमीच सोडला, तर मी कोन अडवनार?"

बाईंनी विचारलं, "कोनती गाठ?"

मग सुकलूनं सांगितलं. पोट्ट्याला सांगावं तसं. जंगलात कोणाला वाळकं लाकूड दिसलं, मोहाचं झाड दिसलं, मधाचं पोळं दिसलं, नि लगेच नेता आलं नाही, तर तिथं गवताची गाठ मारून ठेवायची. मग ते कुणाचं तरी झालं. कोणी कितीही गरजू असो, त्याला हात लावत नाही. गाठ कोणी बांधली हे विचारायचंही नाही. मात्र धन्यानं स्वतः मोडली, की त्यानं ते सोडलं. मग कोणीही न्यावं.

"सरांनी तुमच्या कपाटाले राखन घातली होती बाई," सुकलू म्हणाला. "मी जानत होतो, पोट्टे जानत होते. हेडमास्तर चामोर्शीकडचे, त्याईले माहीत नाई. त्याईच्यासमोर सर कसे सांगनार, का तुमचा हुकूम मोडाले मीच बांधून राह्यलो?" मग जरा थांबून तो म्हणाला, "आमाले वाटलं तुमाले माहीत असन. एकोनीस सालं झाले ना तुमाले इथी."

एकोणीस वर्षं. बाई खुर्चीवर बसल्या. तीन गाठी त्यांनी जाळल्या होत्या, नि तरीही कपाट वाचलं, कारण प्रत्येक वेळी तो माणूस पुन्हा येऊन बांधून गेला होता. नि आपण त्याला करणीवाला म्हटलं, भर शाळेत, पोरांदेखत.

"सर कुठी आहेत?"

"काल रात्री खेळावरून आले, समजलं, नि सकाळीच गाडी घेऊन निघाले. सांगून नाई गेले."

एवढ्यावरही बाईंच्या मनात एक पाल चुकचुकलीच, बघा. पळाला तर नसेल? बदली मागायला गेला असेल? सवय कुठं एका दिवसात जाते!

दुपारी दीडला सरांची गाडी फाटकातून आत आली. मागं पोतं बांधलेलं. सरांनी ते उतरवून ओट्यावर ठेवलं. बाईंकडे न बघता बोलले, "अकरा मिळाले. कबाडीनं बाकीचे बाजारात विकले, भजेवाल्यांले. आज बाजार आहे. मी चाललो."

"मी येते," बाई म्हणाल्या.

सर थांबले. बाई पदर खोचून त्यांच्या गाडीवर मागं बसल्यासुद्धा. खिडक्यांना पुन्हा डोकी चिकटली. असू द्या, बघू द्या, असं बाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

बाजारात तिसऱ्याच दुकानात त्यांना ते दिसलं. कढईशेजारी कागदांची चळत, वर वजनाला दगड. दुकानवाली बाई वरचा कागद घ्यायची, आलूबोंडे ठेवायची, गुंडाळायची. वरच्या कागदावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'मी मोठेपणी बस होणार.' बस-कंडक्टर म्हणायचं होतं त्या पोराला. बाईंना तो पोरगा आठवला, आता तो बल्लारपूरला कामाला आहे, दोन लेकरं आहेत त्याला. त्यांनी अख्खी चळत उचलून छातीशी धरली. तेलाचे डाग साडीला लागले. दुकानवाली ओरडत राहिली, सरांनी तिला समजावलं.

तिथंच मातीत बसून बाईंनी एकेक कागद पाहिला. सहाव्या हस्तलिखिताचं पुठ्ठ्याचं कव्हर होतं. पहिली नऊ पानं होती. शेवटची चार होती. मधली नव्हती. पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"ते गेलं असन बाई," दुकानवाली आता मऊ पडून म्हणाली. "सकाळपासून किती आलूबोंडे गेले."

बाई रडल्या. दार लावायला इथं दार नव्हतं, भर बाजारात रडल्या. सर शेजारी उकिडवे बसले.

"माहं चुकलं सर," बाई म्हणाल्या. "मी वाईट शब्द बोलली तुमाले. तुमी सांगाचं होतं ना एकट्यात!"

"सांगनार होतो. पर तुमी मले कधी एकट्यात भेटूच नाई दिलं. मी जवळ आलो का तुमी किल्ली धरता."

बाईंचा हात गळ्याशी गेला. किल्ली तिथंच होती, कुलूप मात्र आता नव्हतं.

सव्वीस जानेवारीला सोळा दिवस होते. बाईंना ते पान तोंडपाठ होतं, तेरा वर्षं वाचलेलं. पण सुकरी ऐकायला थोडीच यायची? ती हात लावायला यायची. चोवीस तारखेला सरांनी एक जाड कागद बाईंपुढे ठेवला. रीनाचं अक्षर! तोच टेकू लावलेला 'आ', त्याच खाली घसरत जाणाऱ्या ओळी, पेन्सिल तशीच दाबलेली, मागं तशीच उमटलेली.

"शब्द तुमी त्या दिवशी वाचलेले ऐकले, काही सुकलूपाशी विचारले, थो दरसाल दाराबाहेर ऐकते. अक्षर डोक्यात होतं," सर म्हणाले. "तपासून घ्या."

बाईंनी तपासलं. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. नि तरीही, आनंद व्हायच्या आधी, तो जुना किडा वळवळला. इतकं हुबेहूब करणारा माणूस आणखी काय काय करू शकेल? "सर, हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "त्या माउलीले फसवाचं नाई. मी सात महिने फसली आहे, मले माहीत आहे कसं वाटते ते."

"मी कुठी म्हटलं फसवा? तिच्या हातात द्याले काही तर पाह्यजे ना."

"मी आधी खरं सांगनार."

"सांगा."

सव्वीस जानेवारी आली. झेंडा झाला, बुंदी वाटली, नि सुकरी लायब्ररीत येऊन फरशीवर बसली. बाईंनी पाठ करून ठेवलेलं वाक्य तोंडातून निघेना. हातातला कागद तेवढा पुढं झाला. सुकरीनं तो मांडीवर घेतला. मागून बोटं फिरवली. मग कोपऱ्याशी अंगठा नेला नि थांबली.

"हे तिचं नाई," सुकरी म्हणाली.

दाराशी सर उभे होते, त्यांच्यामागं सुकलू.

"माह्या अंगठ्यानं कोपरा काळा झाला होता," सुकरी म्हणाली. "हा गोरा आहे."

"हो," बाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या. "ते गेलं, सुकरीबाई. माह्यामुळं गेलं. सरांनी कपाटाले गाठ बांधली होती, मी मोडली. मले समजलं नाई. हे सरांनी काढलं आहे, तिच्या हातासारखं."

सुकरी कितीतरी वेळ कागदाकडं बघत राहिली. बाईंना वाटलं, आता ती उठेल, पुन्हा कधी येणार नाही. पण ती म्हणाली, "वाच."

बाईंनी कागदाकडे न बघता म्हटलं, "माझी आई. माझ्या आईचं नाव सुकरी आहे. ती मोहा वेचायला पहाटे जाते. मला उठवत नाही. मी झोपेचं नाटक करते. जाताना आई माझ्या पायावर गोधडी ओढते. ते मला माहीत आहे. पण मला माहीत आहे हे आईला माहीत नाही."

सुकरीनं डोळे मिटले होते. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या गालावरून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. अंगठा कोपऱ्यावर ठेवला, दाबून.

"होईन काळा," ती म्हणाली. "मी येत जाईन."

मग ती उठली, हापशीपाशी गेली, मूठभर ओलं गवत उपटून आणलं. कागद ज्या नव्या हस्तलिखितात शिवायचा होता, त्याचा दोरा तिनं धरला नि गवत बाईंच्या हातात दिलं. "बांध. तूच बांध."

बाईंची पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. सुकरीनं त्यांची बोटं धरून दोन वेळा गुंतवायला लावलं. तिसरी राहिली. मग सुकरीनं दाराशी आलेल्या हेडमास्तरांकडे एकदा बघितलं, तेवढंच. ते कपाट अजून तिथंच आहे, टीव्ही शेजारच्या खोलीत लागला.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर सरांच्या गाडीच्या हँडलला गवताची एक गाठ होती. वेडीवाकडी, सैल, टोकं एक लांब एक आखूड. बाई खिडकीतून बघत होत्या. सर आले, गाडीवर बसले, किक मारली, निघून गेले. पाहिली की नाही? पाहिली असेल तर काही बोलले काऊन नाई? वाऱ्यानं उडाली तर? का रस्त्यात मोडून फेकली? बाईंना रात्रभर झोप नाही.

सकाळी त्या फाटकाशी सुविचार लिहायला आल्या तर फळ्याच्या मधली पांढरी रेघ पुसलेली होती. गाडी कडुनिंबाखाली उभी होती. बाई जवळ गेल्या. गाठ हँडललाच होती, गवत जरा सुकलं होतं. फक्त ती आता सैल नव्हती. कोणीतरी तिला आणखी एक वेढा देऊन घट्ट आवळली होती.